नकाशाची बाराखडी

आपल्या बेळगावच्या जुन्या घरांतून एक कागद असा असतो, की तो घरातल्या कोणालाच नीट वाचता येत नाही आणि तरीही त्यावर सगळ्यांच्या सह्या असतात. तो कागद म्हणजे घराचा नकाशा. वाटणीपत्र आपण दोनदोनदा वाचून घेतो. सरकारी कागद कानडीत असला तर जाणकार शेजाऱ्याला बोलावतो, इंग्रजीत असला तर नातवाला हाक मारतो. नकाशा मात्र यांपैकी कोणत्याच भाषेत नसतो. तो रेषांच्या भाषेत असतो, आणि त्या भाषेचा दुभाषी म्हणून आपण ज्याने तो काढला त्यालाच विचारतो. तो सांगेल ते ऐकतो, आणि जिथे बोट दाखवील तिथे सही करतो.

आज गल्लोगल्ली जुनी घरे उतरवली जात आहेत. सोपा, माजघर आणि परडे असलेल्या घराच्या जागी तीन मजले उभे राहतात, किंवा एका घराची दोन-तीन भावांत विभागणी होते. आयुष्याची पुंजी आणि भावाभावांतला सलोखा अशा वेळी एका कागदावरच्या रेषांत अडकलेला असतो. म्हणून त्या रेषांची बाराखडी आपल्या मंडळींना यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी व्यवसायाने होमिओपॅथिक डॉक्टर आहे, अभियंता नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणारे कारागीर, ड्राफ्ट्समन, गवंडी हे माझे अनेक वर्षांचे रुग्ण. त्यांच्याशी होणाऱ्या गप्पांतून आणि मुलाच्या डिप्लोमाच्या पुस्तकांतून ही भाषा मला वाचता येऊ लागली. नकाशा काढावा कसा, हे मी सांगणार नाही. तो वाचावा कसा, हे सांगणार आहे.

एक वस्तू, तीन दृश्ये

छातीचा किंवा हाताचा एक्स-रे काढताना आम्ही बहुधा दोन बाजूंनी काढायला सांगतो, एक समोरून आणि एक कडेने. समोरून सरळ दिसणारे हाड कडेने पाहिले की सरकलेले दिसते. एका चित्रात खोली उमटत नाही, म्हणून दुसरे लागते. तांत्रिक आरेखनाचा पाया हाच आहे. घन वस्तू सपाट कागदावर एकाच चित्रात पूर्ण सांगता येत नाही, म्हणून ती वेगवेगळ्या दिशांनी, काटकोनात पाहून, दोन-तीन चित्रांत सांगायची.

या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले ते फ्रान्समधील गास्पार मोंज या गणितज्ञाने. अठराव्या शतकात मेझिएर येथील लष्करी अभियंत्यांच्या शाळेत असताना त्याने किल्ल्याच्या बांधणीचे प्रश्न लांबलचक आकडेमोडीऐवजी रेषांनी सोडवून दाखवले. ही रीत इतकी उपयुक्त ठरली की कित्येक वर्षे ती लष्करी गुपित म्हणून बाहेर जाऊ दिली नाही. १७९५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली आणि १७९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. आज आपल्या घराचा नकाशा त्याच रीतीने काढला जातो.

घराच्या नकाशात ही दृश्ये तीन. पहिला प्लॅन, म्हणजे तलदर्शन. दुसरे एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू. तिसरे सेक्शन, म्हणजे छेद. यांपैकी प्लॅनबद्दल बहुतेकांची समजूत अपुरी असते. प्लॅन म्हणजे गच्चीवरून खाली पाहिलेले चित्र नव्हे. जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटर उंचीवर सगळे घर आडवे कापले, वरचा भाग बाजूला ठेवला आणि मग खाली पाहिले, की जे दिसते तो प्लॅन. म्हणून भिंती त्यात जाड किंवा भरलेल्या दिसतात, कारण त्या कापल्या गेल्या आहेत. खिडकी कापली जाते म्हणून तिथे भिंतीत दोन-तीन बारीक रेषा दिसतात. दाराजवळ जी पाव वर्तुळाची रेषा असते ती दार कोणत्या बाजूला, किती जागा खाऊन उघडते ते सांगते. माळा मात्र कापलेल्या उंचीच्या वर राहतो, म्हणून तो तुटक रेषेने दाखवतात.

छेद म्हणजे हेच कापणे, पण उभे. प्लॅनवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रेषा जाते, तिच्या दोन्ही टोकांना ‘अ-अ’ किंवा ‘ए-ए’ अशी अक्षरे आणि बाण असतात. घर तिथे कापले आहे आणि बाणाच्या दिशेने पाहिले आहे, असा त्याचा अर्थ. छेद पाहिल्याशिवाय जिना कळत नाही, छताची उंची कळत नाही, जोते रस्त्यापेक्षा किती वर आहे ते कळत नाही. पावसाळ्यात घरात पाणी येणार की नाही, हे प्लॅन सांगत नाही, छेद सांगतो. त्यात ‘+०.४५’ असे लिहिलेले दिसले तर शून्य मानलेल्या पातळीपेक्षा तो भाग ४५ सेंटिमीटर वर आहे. शून्य कुठे धरले आहे, रस्त्यावर की अंगणात, हे मात्र विचारून घ्यावे.

आम्हा जैनांच्या घरी अनेकान्ताचा विचार लहानपणापासून कानावर पडतो. प्रत्येक नय म्हणजे दृष्टिकोन खरा असतो, पण तेवढ्यापुरताच. प्लॅन खोटे बोलत नाही, एलेव्हेशनही बोलत नाही. एकाच दृश्याला पूर्ण सत्य समजणारा मात्र फसतो. बिल्डरच्या कचेरीतले रंगीत चित्र पाहून घर पसंत करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्या चित्राला रेंडर म्हणतात. त्याच्यावर माप नसते, आणि आतले पलंग, सोफे खऱ्या मापाचे आहेत की नाहीत हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

रेषांच्या जाती

मराठीत काना-मात्रा बदलली की शब्द बदलतो. नकाशात रेषेची जाडी आणि तुटकपणा बदलला की अर्थ बदलतो. जाड अखंड रेषा म्हणजे डोळ्यांना दिसणारी कड किंवा कापलेला भाग. बारीक अखंड रेषा मापासाठी. सारख्या तुकड्यांची तुटक रेषा म्हणजे जे आहे पण समोरून दिसत नाही ते; यंत्राच्या भागात ते मागे दडलेले असते, घराच्या प्लॅनमध्ये बहुधा डोक्यावर असते. एक लांब तुकडा, एक टिंब, पुन्हा लांब तुकडा, अशी रेषा म्हणजे मध्यरेषा. ही प्रत्यक्षात कुठेच नसते, पण खांबांची आणि भिंतींची आखणी तिच्यावरून होते. तिरप्या बारीक रेषांनी भरलेला भाग, ज्याला हॅचिंग म्हणतात, तो कापलेल्या पृष्ठाची खूण.

पालिकेला द्यायच्या नकाशात रंगांनाही अर्थ असतो. बहुतेक ठिकाणी नवे काम लाल आणि पाडायचा भाग पिवळा दाखवतात. कोपऱ्यात त्याची सूची दिलेली असते, तिच्यावरून खात्री करावी. आजोबांची देवघराची भिंत पिवळी झाली आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहण्यासारखे असते.

प्रमाण आणि कागद

दहा मीटरचे घर कागदावर मावत नाही, म्हणून ते लहान करून काढतात. १:१०० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर. घराचे प्लॅन बहुधा १:१०० किंवा १:५० ने काढतात. चौकट, जिना असे बारकावे १:२० ने किंवा त्याहून मोठे. आमच्या औषधांतही एकास शंभर हे प्रमाण येते, पण तिथे ते पायरीपायरीने वाढत जाते. इथे एकदाच लागू होते.

कागदांची मापेही एका सूत्रात बांधलेली आहेत. ए-० हा कागद ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने एक चौरस मीटर. तो मधोमध कापला की ए-१, पुन्हा कापला की ए-२, असे करीत ए-४ पर्यंत आपण रोजच्या वापराच्या कागदाशी येतो. प्रत्येक वेळी लांबी-रुंदीचे गुणोत्तर तेच राहते.

इथेच एक नेहमीचा घोटाळा होतो. ए-३ वर १:१०० ने काढलेला नकाशा झेरॉक्सवाल्याने ए-४ वर बसवून दिला, तर सगळ्या रेषा सुमारे सत्तर टक्क्यांवर येतात. चार मीटरची खोली मूळ कागदावर ४ सेंटिमीटर होती, ती आता २.८ झाली. कोपऱ्यात मात्र १:१०० हेच छापलेले राहते. पट्टी लावून मोजणारा म्हणतो, ‘खोली पावणेतीन मीटरचीच आहे!’ आणि घरात वाद पेटतो. म्हणून आरेखनाचा पहिला नियम असा, की लिहिलेले माप खरे मानावे, पट्टीने मोजलेले नव्हे. नकाशात शेजारी आखीव मापपट्टी छापलेली असेल तर ती उत्तम, कारण कागदाबरोबर तीही लहान होते.

मापांची बेरीज

आपल्या गवंड्यांचे माप फूट, इंच आणि सुतात चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. संगणकावरचे माप बहुधा मिलिमीटरमध्ये. एक इंच २५.४ मिलिमीटर, एक फूट ३०४.८. नऊ इंची भिंत नकाशात २३० होते आणि साडेचार इंची पडदी ११५. जमीन गुंठ्यात मोजली तर एक गुंठा १०८९ चौरस फूट, आणि एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. एवढे आकडे वहीत लिहून ठेवले तरी निम्मा नकाशा समजतो.

नकाशाच्या कडेने मापांची साखळी असते. समजा ती अशी आहे : २३०, ३०००, ११५, ३६००, २३०. म्हणजे बाहेरची भिंत, खोली, पडदी, खोली, बाहेरची भिंत. बेरीज करा, ७१७५ येते. आता बाहेरच्या ओळीत एकूण माप ७०१० लिहिले असेल, तर १६५ मिलिमीटर कुठेतरी हरवले आहेत. जागेवर ते कोणाच्या तरी खोलीतून जातील. ही तपासणी करायला अभियंता लागत नाही. वाण्याचे बिल तपासणाऱ्या कोणालाही ती जमते.

जिन्याचे माप मी डॉक्टर म्हणून नेहमी पाहतो. एका मजल्याची उंची ३००० मिलिमीटर असली आणि पायऱ्यांचे चढ २० असले, तर प्रत्येक चढ १५० मिलिमीटरचा. चढ १६ केले तर तो १८७ च्या पुढे जातो. पायरीची रुंदी २५० धरली आणि जिना सरळ एका ओळीचा असला, तर चार पायऱ्या कमी झाल्याने प्लॅनमध्ये बरोबर एक मीटर जागा वाचते. नकाशा काढणाऱ्याला तो मीटर मोलाचा वाटतो. पुढची तीस वर्षे ती किंमत गुडघे मोजतात. तसेच न्हाणीघराच्या दाराचे. ‘डी-२’ असे लिहून तक्त्यात ७५० दिलेले असते. दोन्ही बाजूंची चौकट वजा जाता मोकळी वाट सव्वासहाशेच्या आसपास उरते, आणि चाकाची खुर्ची त्यात बहुधा अडकते. नव्वद सेंटिमीटरचे दार आज मागायला काही पडत नाही. पुढे भिंत फोडून करायला बरेच पडते.

उद्यमबागेतल्या मापांची शिस्त याहून कडक. तिथे माप एकटे कधीच येत नाही, त्याच्याबरोबर सूट येते. तिला टॉलरन्स म्हणतात. जगातली कोणतीही वस्तू नेमक्या मापाची होत नाही. किती चुकले तर चालेल, एवढेच ठरवता येते. छिद्रावर ‘२५ एच-७’ लिहिले असेल तर ते २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत चालते. त्यात फिरणाऱ्या दांड्यावर ‘२५ जी-६’ असेल तर तो २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान हवा. म्हणजे कोणताही दांडा कोणत्याही छिद्रात बसला तरी दोघांत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ सहस्रांश मिलिमीटर फट राहणार. आपला केस साधारण ५० ते १०० सहस्रांश जाड असतो, यावरून अंदाज करावा. दांडा एका गावात आणि छिद्र दुसऱ्या गावात तयार होऊन दोन्ही एकमेकांत बसतात ते या दोन अक्षरांच्या जोरावर.

यंत्रभागाच्या नकाशात कोपऱ्यात कापलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असते, तेही पाहण्याजोगे. भारतात दृश्ये मांडण्याची प्रथम कोन पद्धत रूढ आहे. तिच्यात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत, तिथे ते वर येते. चिन्ह न पाहता परदेशी नकाशावर काम केले तर भाग आरशातल्यासारखा उलटा तयार होण्याचा धोका असतो.

संगणक आल्यावर

आमच्या पिढीने ड्राफ्ट्समनला मोठ्या तिरप्या फळीवर, टी-स्क्वेअर आणि गुण्या घेऊन ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढताना पाहिले आहे. चुकलेली रेघ तो ब्लेडने अलगद खरवडून काढी. मग अमोनियाच्या वासाचे छाप निघत. त्याआधीच्या काळात निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा उमटत. तेव्हापासून ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आपल्याकडे राहिला.

१९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुणाने आपल्या पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली तयार केली. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा ओढायची, आणि ‘या दोन रेषा समांतर राहू देत’ असे सांगितले की संगणक त्या समांतर ठेवी. एक आकार मूळ म्हणून काढायचा, त्याच्या हव्या तितक्या प्रती ठेवायच्या. मूळ बदलले की सगळ्या प्रती बदलत. आजच्या संगणकीय आरेखनातल्या बऱ्याच कल्पना त्या प्रबंधात आहेत. पुढे १९८२ मध्ये लहान संगणकावर चालणारे ऑटोकॅड आले आणि हे काम मोठ्या कारखान्यांतून गल्लीतल्या छोट्या कचेऱ्यांत पोचले. कॅड म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले आरेखन, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

त्यातले पाच-सहा शब्द वाचणाऱ्याला माहीत असले की पुरे. पहिला, निर्देशांक. पडद्यावर एक शून्यबिंदू असतो. तिथून उजवीकडे किती आणि वर किती, या दोन आकड्यांनी प्रत्येक बिंदूचा पत्ता ठरतो. संगणकाला रेषा म्हणजे चित्र नसते, दोन पत्ते असतात. म्हणून ती कितीही मोठी करून पाहिली तरी फाटत नाही. मोबाइलवरचा फोटो मोठा केला की ठिपके दिसतात, तसे इथे होत नाही.

दुसरा, स्नॅप. आधीच्या रेषेच्या नेमक्या टोकाला किंवा मध्याला नवी रेषा चिकटवण्याची सोय. ती न वापरता डोळ्यांच्या अंदाजाने रेषा जोडली, तर पडद्यावर कोपरा जुळलेला दिसतो पण मध्ये केसाएवढी फट राहते. मग क्षेत्रफळ मोजताना संगणक अडतो, कारण त्याच्या लेखी ते कुंपण उघडे असते.

तिसरा, लेअर. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद कल्पावेत. एकावर भिंती, दुसऱ्यावर वीज, तिसऱ्यावर पाण्याचे नळ, चौथ्यावर खांब आणि तुळया. हवा तो कागद दाखवता येतो, नको तो झाकता येतो.

चौथा, ब्लॉक. दार, खिडकी, वॉशबेसिन एकदाच काढून ठेवायचे आणि हवे तिथे ठेवायचे. ही सदरलँडच्या मूळ आणि प्रतींचीच कल्पना. त्याचाच भाऊ अॅरे, म्हणजे एक आकार मध्याभोवती सारख्या अंतरावर फिरवत मांडणे. आपल्या किल्ल्यातल्या कमळ बसदीच्या छतावरचे दगडी कमळ आठवा. त्या शिल्पकाराजवळ यंत्र नव्हते, पण एक पाकळी नीट बसवून तीच केंद्राभोवती फिरवत नेण्याची युक्ती त्याला पक्की ठाऊक होती.

पाचवा शब्द मॉडेल आणि लेआउट यांचा. संगणकात घर नेहमी एकास एक काढतात. तीन मीटरची भिंत तीन मीटरचीच. ती जागा म्हणजे मॉडेल. छापताना कोणत्या कागदावर, कोणत्या प्रमाणात, कोणते लेअर दाखवून छापायचे हे ठरते, ते लेआउट. म्हणजे आपल्या हातात पडते ते मूळ घर नव्हे, मूळ घराची एक निवडलेली बाजू असते.

यंत्र काय झाकते

संगणकाने काढलेली रेघ सुबक असते, आणि सुबक रेघेवर आपला विश्वास चटकन बसतो. ड्राफ्ट्समन मुद्दाम फसवतो असे नाही. बहुधा तो घाईत असतो. तरी तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, काटकोनाची. कॅडमध्ये ऑर्थो नावाची कळ आहे. ती दाबली की प्रत्येक रेघ आडवी किंवा उभीच निघते. नव्या घराला ती सोयीची. पण आपल्या जुन्या घरांच्या जाड भिंती क्वचितच काटकोनात असतात. मोजणीला आलेला मुलगा चार बाजू मोजून जातो आणि कचेरीत छान आयत काढतो. चार बाजूंनी मात्र चौकोन ठरत नाही. बाज जशी बाजूंची लांबी न बदलता वाकडी होते, तसा तो वाकडा होऊ शकतो. ६ बाय ९ मीटरच्या जागेचा कोन ९० ऐवजी ८५ अंशांचा असला, तर क्षेत्रफळ जेमतेम बदलते, पण नऊ मीटरच्या टोकाला भिंत सुमारे ७८ सेंटिमीटर बाजूला जाते, म्हणजे कदाचित शेजाऱ्याच्या हद्दीत. उपाय जुनाच आहे : दोन्ही कर्ण मोजायला लावा. दोन्ही सारखे आले तर कोपरे काटकोनात आहेत. आपले मिस्त्री तीन-चार-पाचच्या दोरीने काटकोन काढतात, त्यातले शहाणपण हेच.

दुसरी, लिहून बदललेल्या मापाची. कॅडमध्ये माप संगणक स्वतः मोजून लिहितो, पण तो आकडा पुसून हाताने दुसरा लिहिताही येतो. रेषा २८५० ची राहते आणि वर ३००० दिसतात. साखळीची बेरीज करून हे नेहमीच सापडत नाही, म्हणून ‘मापे आपोआप आलेली आहेत ना?’ असे स्पष्ट विचारावे. प्रश्न विचारला की पुढचा माणूस स्वतःच पुन्हा तपासतो.

तिसरी, झाकलेल्या लेअरची. आपल्याला दाखवलेल्या कागदावर खांबांचा लेअर बंद असेल, तर बैठकीच्या मधोमध खांब येणार हे आपल्याला काम सुरू झाल्यावरच कळते. भिंतींच्या नकाशाबरोबर खांब-तुळयांचा आणि नळांचाही मागून घ्यावा.

फाइलची आवृत्ती हाही किरकोळ प्रश्न नाही. एअरबस ए-३८० हे अवाढव्य विमान तयार होत असताना जर्मनी आणि स्पेनमधील अभियंते एका आरेखन-प्रणालीची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधील नवी. जोडणीच्या वेळी विजेच्या तारांचे जुडगे जागेवर पुरेनात. २००६ मध्ये त्या विमानांचे वेळापत्रक कोलमडले. रेषा दोन्हीकडे सुबकच होत्या; त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

वाटणीची रेषा

आता सर्वांत नाजूक गोष्ट. दोन भावांत घर विभागताना मधली भिंत समाईक राहते. नकाशात हद्द कुठून जाते? भिंतीच्या मध्यरेषेतून, की एका कडेने? कागदावर हा फरक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. जागेवर नऊ इंची भिंत बारा मीटर लांब असली, तर निम्म्या भिंतीचे क्षेत्र १.३८ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १५ चौरस फूट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उद्या त्या भिंतीवर तुळई टेकवण्याचा हक्क कोणाचा, हेही त्या रेघेवर ठरते. नकाशात ‘हद्द समाईक भिंतीच्या मध्यरेषेतून’ असे शब्दांत लिहून घ्यावे, रेघेच्या भरवशावर सोडू नये.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी अशीच एक व्याख्या २०१६ च्या रेरा कायद्याने पक्की केली आहे. कार्पेट एरिया म्हणजे वापरायोग्य जमीन. त्यात आतल्या पडद्यांची जागा धरतात, पण बाहेरच्या भिंती, नळांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. नकाशात रेषा कुठून कुठे मोजली आहे, हे या व्याख्येशी ताडून पाहता येते.

सहीपूर्वी

कोपऱ्यातील चौकट, जिला टायटल ब्लॉक म्हणतात, ती आधी वाचा : प्रमाण, एकक, तारीख आणि कितवी सुधारणा. पालिकेच्या मंजुरीचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांधायचा नकाशा हे वेगळे असतात. बांधायच्या नकाशावर ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ असा शिक्का असतो. जुनी सुधारणा गवंड्याच्या हाती राहिली तर काढलेली खिडकी पुन्हा उगवते. मग मापांची बेरीज, दोन्ही कर्ण, जिन्याचे चढ, दारांचा तक्ता, शून्य पातळी आणि हद्दीची रेषा, या क्रमाने बोट फिरवा. अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि हा अर्धा तास घरातल्या बायकांना वगळून घालवू नये. ओटा किती उंच, भांडी घासायला पाणी कुठून येणार, वाळवण कुठे घालायचे, हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्यासमोर नकाशा सहसा सर्वांत शेवटी येतो. रेषा वाचणे कठीण वाटत असेल तर एक सोपी रीत आहे. पाया खणण्यापूर्वी मिस्त्री जागेवर दोरी धरून फक्की मारतात. त्याच्या कितीतरी आधी, सही करण्यापूर्वीच, अंगणात किंवा गच्चीवर नकाशातले स्वयंपाकघर खडूने एकास एक आखून घ्यावे. त्यात ओटा, फ्रीज, दाराचा पाव वर्तुळ असे सगळे आखावे आणि घरच्या सुनेला नि सासूला दोघींना एकदम त्यात उभे राहायला सांगावे. दोघींना एकमेकींना धक्का न लावता वळता आले, तर तो नकाशा सहीला ठेवायला हरकत नाही.